परदेशातला पगार आणि आपला गुणाकार

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना वेळेअभावी राहिलेले दोन-तीन मुद्दे लिहिताना घातले आहेत.)



कमिटीने मला विषय दिला होता ‘निवृत्तीनंतरची गुंतवणूक’. तो मी इतक्या ठिकाणी बोललो आहे की आता माझी बायकोसुद्धा तो पाठ म्हणून दाखवते. म्हणून विनंती करून विषय बदलून घेतला. तो का, ते सांगतो. पंचवीस वर्षांपूर्वी आपली सोसायटी नोंदली गेली तेव्हा कमिटीकडे ना हरकत दाखल्यासाठी अर्ज यायचे ते घरकर्जासाठी. कोणाला गाळा घ्यायचा, कोणाला हप्ता वाढवून घ्यायचा. आता अर्जांचा रंग बदलला आहे. मुलगा किंवा मुलगी परदेशी शिकायला जाणार, बँक तारण मागते, तारण म्हणून राहता फ्लॅट, आणि त्यासाठी सोसायटीचा दाखला. अर्ज देताना आई-वडील जे बोलतात ते मी ऐकलं आहे. ‘तिकडे वर्षाला लाख डॉलर मिळतात साहेब, म्हणजे अठ्ठ्याऐंशी लाख. तीस लाखांचं कर्ज काय, सहा महिन्यांत फिटेल.’

हा गुणाकार सगळ्यांनाच येतो. बँकेत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाचं काम आहे की गुणाकारानंतरची वजाबाकीही मांडायची. आज तेवढीच मांडणार आहे. परदेशी जाऊ नका, असं मी एका शब्दानेही म्हणत नाही. ज्या गावात आयाबायांनी विड्या वळून पोरं शिकवली, त्या गावात शिक्षणासाठी जोखीम घेऊ नका असं सांगणारा मी कोण?

आधी त्या अठ्ठ्याऐंशीचं बघू. सोसायटी नोंदली त्या २००० साली डॉलर पंचेचाळीस रुपयांच्या आसपास होता. आमच्या पिढीला तर ६ जून १९६६ आठवतो. त्या एका दिवसात डॉलर ४.७६ वरून ७.५० झाला आणि घरातले मोठे लोक चिंतेत बसले. २०२५ मध्ये तो ८८ च्या आगेमागे पोहोचला. पण हा भाव काय सांगतो? बाजारात एक डॉलर विकत घ्यायला किती रुपये लागतात, एवढंच सांगतो. त्या डॉलरमध्ये तिकडे काय मिळतं, ते सांगत नाही. जागतिक बँक त्यासाठी वेगळा हिशोब करते, त्याला क्रयशक्ती म्हणतात. त्या हिशोबाने अमेरिकेत एका डॉलरला जे मिळतं, ते आपल्याकडे साधारण वीस रुपयांत मिळतं. वीस, अठ्ठ्याऐंशी नव्हे.

म्हणजे लाख डॉलरवाला अमेरिकेत जसा राहतो, तसा आपल्याकडे वर्षाला वीस लाख मिळवणारा राहतो. चांगलाच राहतो, पण राजासारखा नाही. आता यातली गंमत लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. त्याने तिकडे खर्च केलेला डॉलर वीस रुपयांचा. पण वाचवून इकडे पाठवलेला डॉलर अठ्ठ्याऐंशी रुपयांचा. म्हणून विचारायचा प्रश्न ‘पॅकेज किती’ हा नाहीच. महिन्याच्या शेवटी हातात किती उरतात, हा आहे. लग्न ठरवायला येणारी मंडळी पहिला प्रश्न विचारतात, दुसरा कोणी विचारत नाही. मी एकदा विचारला तर मुलाच्या मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याची रक्तलघवी तपासायला मागितली.

वीस आणि अठ्ठ्याऐंशी यात एवढा फरक का? साधी गोष्ट आहे. कारखान्यात तयार होणारी वस्तू जगात सगळीकडे थोड्याफार फरकाने त्याच भावाची असते. मोबाईल, संगणक, बूट तिकडे महाग नाहीत, काही तर स्वस्तच. महाग आहे माणसाचा हात. केस कापणारा, नळ दुरुस्त करणारा, मूल सांभाळणारा, दात उपटणारा. आपण इथे धुण्याभांड्याची बाई, इस्त्रीवाला, गाडी धुणारा, दूधवाला, असे चार-पाच हात महिन्याला काही हजारांत वापरतो आणि ते पगारात धरतही नाही. तिकडे हे सगळे हात आपलेच. रविवारी फोन केला की मुलगा ‘बाथरूम घासतोय’ म्हणतो, तेव्हा आईला वाईट वाटतं. त्यात वाईट काही नाही, ती तिथली किंमत आहे.

आता प्रत्यक्ष मांडतो. अमेरिकेत एकटा राहणारा, लाख डॉलर पगाराचा मुलगा धरा. सोशल सिक्युरिटी ६.२ टक्के आणि मेडिकेअर १.४५ टक्के, मिळून ७,६५० डॉलर आधीच गेले. केंद्राचा आयकर साधारण तेरा-साडेतेरा हजार. त्यावर राज्याचा कर. टेक्सासमध्ये तो नाही, कॅलिफोर्नियात पाच हजारांच्या वर आहे. म्हणजे टेक्सासात महिन्याला हातात साडेसहा हजार, कॅलिफोर्नियात सहा हजार. अजून आरोग्य विम्याचा त्याचा वाटा कापायचा आहे. टेक्सासात कर नाही म्हणून खूश व्हावं तर तिथे गाडीशिवाय भाजी आणता येत नाही. गाडीचा हप्ता, विमा, पेट्रोल आलं. कॅलिफोर्नियात पगार जास्त, पण दोन-अडीच हजार डॉलर एका बेडरूमच्या भाड्यातच जातात. एकट्या आणि काटकसरी मुलाच्या हातात दोन-अडीच हजार उरू शकतात. हे आपल्या दृष्टीने उत्तमच आहे, महिन्याला पावणेदोन ते सव्वादोन लाख रुपये! पण अठ्ठ्याऐंशी लाखांच्या स्वप्नातला तो चौथा हिस्सा आहे, हे घरी माहीत पाहिजे.

लग्न झालं, मूल झालं की हा हिशोब पुन्हा पहिल्यापासून. बायकोला कामाचा परवाना नसेल तर एका पगारात घर. दोघं नोकरी करत असतील तर पाळणाघर, आणि मोठ्या शहरात त्याला महिन्याला हजार-दीड हजार डॉलर सहज लागतात. इथे आपण ज्येष्ठ मंडळी चित्रात येतो. सहा महिने आई-बाबा जातात, मग सहा महिने सासू-सासरे जातात. आपण म्हणतो, ‘मुलाने अमेरिका दाखवली.’ दाखवली, खरं आहे. पण सहा महिन्यांचं पाळणाघर धरलं तर आजीने सहा ते नऊ हजार डॉलरचं काम करून दिलं. माझा याला विरोध नाही, नातवंडं सांभाळण्यात आनंदच आहे. फक्त जाताना आपला आरोग्य विमा पूर्ण काढा, त्यात काटकसर नको. तिकडे एक रात्र दवाखान्यात काढली तर मुलाची वर्षाची शिल्लक जाऊ शकते.

आणखी एक, जे पगाराच्या कागदावर दिसत नाही. सोशल सिक्युरिटीचा जो पैसा कापतात, त्याचं निवृत्तिवेतन मिळायला साधारण दहा वर्षं नोकरी लागते. भारत आणि अमेरिका यांच्यात याबाबत करार झालेला नाही. त्यामुळे सात-आठ वर्षांनी परत आलेल्याचा तो पैसा तिकडेच राहतो. जर्मनी, बेल्जियम, स्वित्झर्लंड अशा काही देशांशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे.

आता जर्मनी. हल्ली सगळ्यांच्या तोंडी जर्मनी आहे, कारण २०२४ मध्ये आपल्या राज्य शासनाने तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि गावोगावी जर्मन भाषेच्या वर्गांच्या पाट्या लागल्या. समजा, पन्नास हजार युरो वार्षिक पगार. युरो हिशोबाला शंभर रुपये धरू, पन्नास लाख झाले. महिन्याचे ४,१६६ युरो. एकट्या माणसाला हातात पडतात २,६५० ते २,७००. शंभरातले पस्तीस गेले. कुठे गेले? आयकर, निवृत्तिवेतन १८.६ टक्के, त्यातले निम्मे कामगाराचे आणि निम्मे मालकाचे. आरोग्य विमा, बेकारी विमा, वृद्धापकाळच्या शुश्रूषेचा विमा.

उरलेल्या २,७०० मध्ये घर. तिथे भाडं दोन प्रकारचं असतं, ‘थंड’ आणि ‘गरम’. थंड म्हणजे नुसत्या भिंतींचं, गरम म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा धरून. जाहिरातीत मोठ्या अक्षरात थंड भाडं लिहिलेलं असतं. डिपॉझिट तीन महिन्यांच्या थंड भाड्यापर्यंत. आणि बऱ्याच घरांत स्वयंपाकघर म्हणजे रिकामी खोली, नळाचं तोंड भिंतीतून बाहेर आलेलं. ओटा, सिंक, शेगडी तुमची तुम्ही आणायची, जाताना काढून न्यायची. आपल्या बिल्डरला हे कळलं असतं तर त्याने तेही केलं असतं! रेडिओ-टीव्हीची वर्गणी घरटी महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही असो वा नसो. गरम भाडं ९००, किराणा-भाजी ३००, देशभर बस आणि साध्या रेल्वेला चालणारं तिकीट ५८ (२०२५ चा दर), फोन-इंटरनेट ४०, कपडेलत्ते, बाहेरचं खाणं, अडीअडचण २५०. राहिले अकराशे युरो, एक लाख दहा हजार रुपये.

अमेरिकेपेक्षा कमी उरले, बरोबर? पण घाई करू नका. इथे संसार मांडला की आकडे उलट फिरतात. सरकारी आरोग्य विम्यात न कमावणारी बायको आणि मुलं वेगळा हप्ता न भरता येतात. लग्न झालेल्याचा करगट बदलून हातातला पगार वाढतो. प्रत्येक मुलामागे २०२५ मध्ये महिन्याला २५५ युरो भत्ता होता. शाळेला फी नाही. एकट्या पोराला अमेरिका जास्त देते आणि दोन पोरांच्या बापाला जर्मनी कमी कापते, असं माझं मत आहे. पण भाषा आल्याशिवाय हे काही नाही. पाटी वाचण्यापुरती नव्हे, नोकरीत भांडण्यापुरती भाषा यावी लागते. तीन महिन्यांच्या वर्गात ती येत नाही, पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

आता कर्जाकडे येऊ, कारण आपल्या फ्लॅटची कागदपत्रं तिथे अडकणार आहेत. शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपर्यंत साधारण तारण लागत नाही, त्यावर लागतं. तीस लाख, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षं मुदत: हप्ता ४०,५०० च्या आसपास. पण हा हप्ता आज काढलेल्या तीस लाखांचा आहे. शिक्षणाची दोन वर्षं आणि वर की सहा महिने ते एक वर्ष हप्ता नाही, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं. पैसे टप्प्याटप्प्याने उचलले तरी हप्ता सुरू होईपर्यंत सहा-सात लाख व्याज जमा झालेलं असतं. ते मुद्दलात मिळवलं की हप्ता पन्नास हजारांच्या घरात जातो. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, शिकण्याच्या काळात निदान व्याज दरमहा भरत जा. पेन्शनमधून ओढाताण होते, पण पुढचा डोंगर लहान होतो.

अकराशे युरो उरणाऱ्याला पन्नास हजारांचा हप्ता झेपतो. झेपत नाही तो नोकरी मिळायला उशीर झालेल्याला. आणि जोखीम नेमकी इथे आहे, पगाराच्या आकड्यात नाही. अमेरिकेत शिक्षण संपल्यावर कामाचा जो परवाना मिळतो, त्यात नोकरीविना एकूण नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना एक अधिक दोन अशी तीन वर्षं मिळतात, इतरांना एकच. पुढचा एच-वन-बी व्हिसा वर्षाला ८५,००० एवढाच, आणि तो सोडतीने. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यावर लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं, ते मुख्यतः देशाबाहेरून करायच्या नव्या अर्जांना. व्हिसा मिळाल्यावरही नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी मिळवायची किंवा निघायचं. साठ दिवस. आपल्याकडे गॅसची जोडणी बदलायला कधीकधी जवळपास तेवढे लागतात.

म्हणून कर्जाचा अर्ज भरण्याआधी घरात एक कागद करा. डावीकडे, मुलाला वर्षभर नोकरी लागली नाही असं धरून, हप्ता कोण आणि कशातून भरणार ते लिहा. या कागदावर उत्तर असेल तर खुशाल तारण द्या. उत्तर ‘बघू तेव्हाचं तेव्हा’ असेल, तर राहता फ्लॅट देऊ नका. कमी खर्चाचा देश बघा, कमी फीचं विद्यापीठ बघा. जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी जवळपास नाही. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये आपल्यासारख्या बाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो आहे. राहण्याच्या खर्चापोटी वर्षाचे ११,९०४ युरो मात्र खास खात्यात आधी ठेवून दाखवावे लागतात, आणि महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. हा आकडा मला फार आवडतो. एका विद्यार्थ्याला महिन्याला किती लागतात, ते त्या सरकारने स्वतःच सांगून टाकलं आहे.

आता आखातावर बोलतो. परदेश म्हटलं की आपण संगणकवाल्या पोरांवर बोलतो आणि वेल्डर, फिटर, ड्रायव्हर यांना विसरतो. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत २०२३-२४ साली बाहेरून भारतात आलेल्या पैशात अमेरिकेचा वाटा २७.७ टक्के आणि त्याखालोखाल संयुक्त अरब अमिरातीचा १९.२ टक्के होता. त्या एका पाहणीत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, केरळपेक्षाही किंचित जास्त. जुन्या लोकांना आठवत असेल, एकेकाळी कुवेत, बहारीन, दुबईत आपला रुपयाच चालायचा. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार आणला आणि १९६६ च्या अवमूल्यनानंतर दुबईनेही आपली साथ सोडली. आज दिरहम डॉलरला ३.६७२५ असा बांधलेला आहे, म्हणून डॉलर वर गेला की दुबईवाल्याचा रुपयांतला पगारही वर जातो.

समजा, आपल्या मुसळगाव किंवा माळेगाव एमआयडीसीतल्या एका वेल्डरला दुबईत १,८०० दिरहम मिळतात. दिरहम चोवीस रुपये धरला तर ४३,००० झाले. आयकर नाही. राहायला कंपनीची खोली, एका खोलीत सहा-आठ जण. जेवण कंपनीचं नसेल तर त्यात ४०० जातात, फोन आणि किरकोळ २००. बाराशे दिरहम पाठवले, २८,८०० रुपये. इथे तोच माणूस वीस-बावीस हजार मिळवून घरी आईच्या हातचं खातो, त्यातले दहा-बारा हजार वाचवतो. म्हणजे खरा फायदा महिन्याला सोळा-अठरा हजारांचा. दोन वर्षांत चार लाख. वाईट नाही! पण यात एजंट बसवा. नोंदणीकृत एजंटाला कायद्याने तीस हजार आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. लोक लाख, दीड लाख देतात, तेही सावकाराकडून तीन टक्के महिन्याने काढून. मग पहिलं वर्ष एजंटासाठी आणि सावकारासाठी काम केलं म्हणायचं.

करारात तीन गोष्टी बघा. पहिली, मूळ पगार किती आणि भत्ते किती. अमिरातीत नोकरी सोडताना जी ग्रॅच्युइटी मिळते, ती पहिल्या पाच वर्षांना दरवर्षी एकवीस दिवसांच्या मूळ पगाराची असते. १,८०० पैकी मूळ १,००० च दाखवला, तर पाच वर्षांचे ३,५०० दिरहम मिळतील; पूर्ण १,८०० मूळ असता तर ६,३००. दुसरी, एजंटाचा सरकारी परवाना क्रमांक. तो ई-मायग्रेटच्या नोंदीत सापडला पाहिजे. तिसरी, व्हिसा नोकरीचाच आहे ना? ‘व्हिजिट व्हिसावर चला, तिथे गेल्यावर बदलून घेऊ’ असं जो म्हणेल, त्याच्याबरोबर जाऊ नका. दहावी न झालेल्या मुलांना अमिराती, सौदी, कतार अशा अठरा देशांत नोकरीला जायला सरकारची परवानगी लागते. ती परवानगी म्हणजे अडथळा नाही, त्यात कराराची नोंद होते. बरोबर प्रवासी भारतीय विमा योजना येते: दोन वर्षांना २७५ रुपये हप्ता, अपघाती मृत्यूला दहा लाख. व्हिजिट व्हिसावर गेलेल्याला यातलं काहीच नाही.

दुबईच्या खोलीत सहा-आठ जण झोपतात म्हणून आपण हळहळतो. मुसळगावला जाऊन बघा. बिहारची, उत्तर प्रदेशची पोरं एका पत्र्याच्या खोलीत पाच-सहा जण, पाळीपाळीने झोपतात, एका शेगडीवर रांधतात आणि पगाराचा मोठा भाग गावी पाठवतात. त्यांच्या गावी सिन्नर म्हणजे दुबईच. तिकडची एखादी आई शेजारणीला सांगत असेल, ‘महाराष्ट्रात बीस हजार मिलते हैं.’ भाडं किती, हे तिलाही कोणी सांगितलेलं नसेल.

आता थोडं बँकेचं, पटकन सांगतो. मुलगा नोकरीसाठी बाहेर गेला की त्याचं इथलं साधं बचत खाते एनआरओ करून घ्यावं लागतं. बरेच जण तसंच चालू ठेवतात, ते नियमात बसत नाही. तिकडची कमाई एनआरई खात्यात यावी. त्यावरचं व्याज करमुक्त आणि पैसा परत नेता येतो. एनआरओच्या व्याजावर कर आहे. एनआरई खात्यात आई किंवा वडिलांचं नाव जोडता येतं, पण ‘पहिला किंवा हयात’ अशाच पद्धतीने. मुलगा असेपर्यंत तुम्हाला सही करायची तर त्याचं अधिकारपत्र लागतं. तुम्ही शिक्षणासाठी पैसे पाठवणार असाल, तर एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांपर्यंत टीसीएस नाही, आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशावर अजिबात नाही.

आणि समृद्धी महामार्ग गोंद्याजवळून गेल्यापासून ज्यांना मुलाच्या डॉलरने शेत घ्यायची इच्छा झाली आहे, त्यांच्यासाठी: परदेशस्थ मुलाच्या नावावर शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित वारसाने आली तर चालते. फ्लॅट, दुकान घेता येतं. ‘घेऊन टाकू, कोण बघतंय’ म्हणणारे दलाल भेटतील. सात-बारा सगळे बघतात.

भाषणानंतर बऱ्याच जणांनी प्रश्न विचारले, त्यातले दोन इथे देतो.

एका ताईंनी विचारलं की मुलगा तिकडे चांगला कमावतो पण पैसे पाठवत नाही, याचा अर्थ काय घ्यायचा? मी म्हणालो, ताई, वरचा हिशोब त्याच्या शहराचे आकडे घालून करा आणि मग ठरवा. पोरं घरी खरं सांगत नाहीत, कारण आपण नातेवाइकांत अठ्ठ्याऐंशीचा गुणाकार आधीच सांगून टाकलेला असतो. त्यांना तो खोटा पाडवत नाही. दर दोन वर्षांनी येताना चौघांची तिकिटं, सगळ्यांच्या भेटवस्तू, कोणाच्या लग्नाचा आहेर, यात त्यांची वर्षाची शिल्लक जाते. तुम्ही स्वतः फोनवर म्हणा, ‘यंदा आमच्यासाठी काही आणू नकोस, शिल्लक किती पडते तेवढं सांग.’ त्या ताई काही बोलल्या नाहीत. चार दिवसांनी जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, ‘तासभर बोलला. दोन वर्षांत पहिल्यांदा.’ आकडा त्यांनी सांगितला नाही, मीही विचारला नाही.

दुसरा प्रश्न आपल्या सोसायटीचाच होता. मुलगा परदेशी, फ्लॅट त्याच्या नावावर, मग सोसायटी जास्त आकार लावू शकते का? फ्लॅट भाड्याने दिला असेल तर बिनभोगवटा आकार लागतो, पण तो सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही. फ्लॅटमध्ये त्याचे आई-वडीलच राहत असतील तर लागत नाही, कुलूप असेल तरी लागत नाही. भाडेकरूने मात्र लक्षात ठेवायचं की घरमालक अनिवासी असेल तर भाडं कितीही कमी असो, पहिल्या रुपयापासून कर कापून भरायचा आणि तो तीस टक्क्यांच्या वर आहे. अनिवासी माणसाकडून फ्लॅट विकत घेतानाही नेहमीचा एक टक्का कापून चालत नाही. आपल्या ‘बी’ विंगमध्ये असे व्यवहार येऊ घातले आहेत, म्हणून सेक्रेटरींना या दोन्ही बाबी नोटीस बोर्डावर लावायला सांगितलं आहे. ज्यांना कर्जाच्या हप्त्याचा कागद करून हवा असेल त्यांनी संध्याकाळी पाच ते सात या वेळात घरी यावं. येताना विद्यापीठाचं पत्र, बँकेचं मंजुरीपत्र आणि शक्यतो मुलालाही आणावं.